घरच्या भिंगाच्या दुर्बिणीसाठी फोकसर कसा आखावा

भिंग घरी आलं की दुसऱ्याच दिवशी पीव्हीसीचा पाइप आणून कापावासा वाटतो. तो पाइप अजून कापू नका. फोकसर म्हणजे आयपीस पुढेमागे सरकवून प्रतिमा स्पष्ट करणारी यंत्रणा. भिंगाच्या दुर्बिणीत पाइप किती लांब ठेवायचा हे फोकसर ठरवतो, आणि फोकसर आखायचा असतो डोळ्याच्या बाजूने. आधी आयपीस (ज्यातून डोळ्याने बघतो ते छोटं भिंग), मग डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा), मग ड्रॉट्यूब (आयपीस धरून आतबाहेर सरकणारी नळी), मग तिला धरणारा सांगाडा आणि सगळ्यात शेवटी पाइप. या क्रमाने गेलात तर पहिल्याच रात्री चंद्र कापल्यासारखा स्पष्ट दिसेल. आधी पाइप कापला की बहुतेकदा ड्रॉट्यूब पूर्ण आत ढकलूनही चार-पाच मिलिमीटर कमी पडतात आणि चंद्र कायम धूसर राहतो.

गोव्यात या कामाला पावसाळ्यासारखे दिवस नाहीत. मिरगापासून चवथीपर्यंत आकाश तसंही हाती लागत नाही. तेवढ्यात आखणी आणि सुतारकाम उरकलं की दिवाळीच्या सुमाराला आकाश उघडतं तेव्हा दुर्बीण तयार असते.

उदाहरणासाठी मी नवख्यांच्या हातात सहसा पडणारं भिंग धरतो: ८० मिमी व्यासाचं, ९०० मिमी नाभीय अंतराचं अक्रोमॅट, म्हणजे रंगदोष कमी करणारं दोन काचांचं भिंग. ९०० भागिले ८० म्हणजे ११.२५, हा भिंगाचा एफ क्रमांक, लिहायचा एफ/११.२५ असा. तुमचं भिंग वेगळं असेल तर आकडे बदला, रीत तीच राहते.

आधी भिंगाचं खरं नाभीय अंतर मोजा

भिंगाच्या कडेवर किंवा खोक्यावर छापलेल्या आकड्यावर पाइप कापू नये. दोन टक्क्यांचा फरक असला तरी ९०० वर तो १८ मिमी होतो, आणि १८ मिमी म्हणजे फोकसरच्या प्रवासाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मोजायला चंद्र वापरा. एका लांब सरळ पट्टीवर भिंग उभं बसवा, चंद्राकडे रोखा आणि मागे बटर पेपरचा तुकडा पुढेमागे सरकवा. चंद्राची कड जिथे सगळ्यात धारदार उमटते तिथपर्यंतचं अंतर भिंगापासून मोजून लिहा. चार-पाच वेळा मोजून सरासरी घ्या. ९०० मिमीच्या भिंगाने पडणारं चंद्रबिंब साधारण ८ मिमी रुंद असतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे काम सूर्यावर करायचं नाही. एवढ्या भिंगाखाली कागद पेटतो, आणि डोळा गेला तर परत येत नाही. घरात मुलं असतील तर भिंग दिवसा झाकूनच ठेवा.

तीन आकडे, ज्यांवर सगळं उभं आहे

पहिला आकडा प्रवासाचा, म्हणजे ड्रॉट्यूब एकूण किती आतबाहेर सरकली पाहिजे. वेगवेगळ्या आयपीसचं नाभीय प्रतल वेगवेगळ्या जागी असतं, त्यासाठी २० मिमी धरा. चष्मा काढून बघणाऱ्यासाठी फारसं लागत नाही: २५ मिमीच्या आयपीसला उणे चार नंबरच्या डोळ्यासाठी ड्रॉट्यूब फक्त अडीच मिमी आत घ्यावी लागते. जमिनीवरच्या वस्तूंसाठी मात्र बरंच लागतं. वस्तू जितकी जवळ, तितकी नाभी मागे सरकते, आणि हे सरकणं म्हणजे नाभीय अंतराचा वर्ग भागिले वस्तूचं नाभीपासूनचं अंतर. एक किलोमीटरवरच्या पुलासाठी ते जेमतेम ०.८ मिमी आहे. ५० मीटरवरच्या माडाच्या शेंड्यासाठी १६.५ मिमी, आणि २० मीटरवरच्या खंड्या पक्ष्यासाठी थेट ४२ मिमी. ग्रहतारे आणि अधूनमधून माडावरचा घारीचा घरटा एवढी अपेक्षा असेल तर एकूण ६० मिमी प्रवास पुरे. त्याहून जास्त प्रवासाची हाव धरू नका, कारण प्रवास वाढला की ड्रॉट्यूब लांबते, आणि लांबलेली ड्रॉट्यूब दुसऱ्या आकड्याला नडते.

तो दुसरा आकडा पोकळीचा. भिंगातून निघालेला प्रकाश शंकूच्या आकारात निमुळता होत नाभीकडे येतो. ड्रॉट्यूबचं पुढचं तोंड त्या शंकूत शिरलेलं असतं. ते अरुंद असेल तर ड्रॉट्यूबच भिंगाची कड झाकते, आणि ८० मिमीचं भिंग घेऊन तुम्ही त्याहून लहान भिंगातून बघत बसता. नाभीपासून एखाद्या अंतरावर शंकू किती रुंद आहे हे काढायला भिंगाच्या व्यासातून पूर्ण उजळ हव्या असलेल्या भागाचा व्यास वजा करा, त्याला नाभीपासूनच्या अंतराने गुणा, नाभीय अंतराने भागा आणि उत्तरात तो उजळ भाग परत मिळवा. चंद्रबिंब ८ मिमीचं, म्हणून उजळ भाग १० मिमी धरू.

आता अंतर. १.२५ इंची आरशाच्या डायगोनलमधून प्रकाश साधारण ८० मिमी चालतो (तुमचा डायगोनल पट्टीने मोजा: तोंडापासून आरशाच्या मध्यापर्यंत आणि तिथून आयपीस टेकते त्या कडेपर्यंत). ड्रॉट्यूब १३० मिमी लांब धरली तर तिचं पुढचं तोंड नाभीपासून २१० मिमीवर येतं. ८० वजा १० म्हणजे ७०, गुणिले २१०, भागिले ९००, अधिक १०: उत्तर २६.३ मिमी. १.२५ इंची ड्रॉट्यूबची पोकळी ३१.७५ मिमी असते. म्हणजे शंकू सुखाने मावतो आणि आत काळं मखमल चिकटवायलाही जागा उरते.

हाच हिशेब ८० मिमीच्या, पण ४८० मिमी नाभीय अंतराच्या एफ/६ भिंगावर करून बघा. उत्तर ४०.६ मिमी येतं. ३१.७५ च्या ड्रॉट्यूबमधून मग अगदी मध्यावरच्या ताऱ्यालाही भिंगाचा ७३ मिमीचाच भाग मिळतो. अशा भिंगाला २ इंची, म्हणजे ५०.८ मिमीची ड्रॉट्यूबच हवी. म्हणून पहिल्या दुर्बिणीसाठी मी आखूड भिंगाची शिफारस करत नाही. लांब भिंग फोकसरच्या बाबतीत फार समजूतदार असतं.

तिसरा आकडा नाजूकपणाचा. नाभीच्या थोडं पुढे आणि थोडं मागे डोळ्याला फरक कळत नाही. ही मुभा एफ क्रमांकाच्या वर्गावर चालते: दोन गुणिले प्रकाशाची तरंगलांबी गुणिले एफ क्रमांकाचा वर्ग. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.०००५५ मिमी धरली तर एफ/११.२५ ला मुभा दोन्ही बाजूंना ०.१४ मिमी आणि एफ/६ ला फक्त ०.०४ मिमी. एफ/१५ ची जुनी लांबलचक दुर्बीण असेल तर तब्बल ०.२५ मिमी. तुमचं बटण बोटाने थोडंसं फिरवलं की ड्रॉट्यूब या मुभेच्या आत थांबवता आली पाहिजे.

हे तीन आकडे एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवा आणि फोकसरच्या बाजूचे शेवटचे ३०० मिमी खऱ्या मापात काढा. शंकूच्या दोन तिरक्या रेघा, त्यात ड्रॉट्यूबचा आयत, मागे डायगोनल. एखादी रेघ आयताला छेदते का हे डोळ्यांनीच दिसतं. मी आजही हे चित्र काढल्याशिवाय करवतीला हात लावत नाही.

गोव्याचं आकाश डोक्यावर असतं

पणजीचं अक्षांश साधारण १५.५ अंश उत्तर. त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजाजवळ खाली असतो आणि बघण्यासारखं पुष्कळ काही माथ्यावर येतं. रोहिणी इथे खमध्यापासून केवळ एक अंशावरून जाते, स्वाती साडेतीन अंशांवरून. कृत्तिका ८० अंशांच्या वर चढतात. गुरू मिथुनेत असेल तेव्हा तोही ८० अंशांपलीकडे जातो. ग्रह सगळ्यात स्वच्छ दिसतात तेही तिथेच, कारण मधला हवेचा थर तिथे सगळ्यात पातळ असतो.

फोकसरच्या दृष्टीने याचा अर्थ असा की आपल्याकडे ड्रॉट्यूब बहुतेक वेळ जवळजवळ उभी, तोंड जमिनीकडे करून लटकते. डायगोनल आणि आयपीसचं वजन तिला सतत खाली ओढतं. त्यामुळे इथल्या दुर्बिणीचा फोकसर माथ्यावर रोखलेल्या स्थितीसाठीच आखायला हवा. टेबलावर आडवी ठेवून छान चालणारी यंत्रणा तिथे घसरू शकते. डायगोनलही हवाच, नाहीतर गुरू बघायला अंगणात उताणं झोपावं लागेल.

कोणत्या जातीचा फोकसर?

सगळ्यात साधा म्हणजे नळीत नळी. एक पीव्हीसी नळी दुसरीत मखमलीच्या पट्ट्यांवर सरकते, हाताने ओढायची, हाताने ढकलायची. एफ/१५ ला चालतो, एफ/११ ला कसाबसा, आणि माथ्यावर रोखला की वजनाने घसरतो. भिंग तपासायला तात्पुरता म्हणून उत्तम, एका संध्याकाळीत होतो.

रॅक-पिनियन म्हणजे दातेरी पट्टी आणि दातेरी चाक. वजन छान पेलतो, घसरत नाही. पण दात स्वस्तातले असले की मध्ये सैलपणा राहतो: बटण उलट फिरवलं की आधी काहीच होत नाही आणि मग प्रतिमा उडी मारते. चांगले दात घरी कापता येत नाहीत. जुन्या मोडक्या दुर्बिणीचा रॅक-पिनियन मिळाला तर जरूर वापरा.

आट्यांचा, म्हणजे हेलिकल फोकसर एका फेऱ्यात आट्यांच्या एका पायरीइतका, समजा १ मिमी, सरकतो. फार नाजूक आणि घसरणं ठाऊक नाही. पण ६० मिमी प्रवासाला साठ फेरे, आणि साध्या रचनेत फिरवताना आयपीसही फिरतं, मग डायगोनल भलतीकडे वळतो. मला तो भिंगाच्या दुर्बिणीला सोयीचा वाटत नाही.

उरतो क्रेफर्ड. नवख्याने घरी बनवावा असा हाच. लंडनजवळच्या क्रेफर्ड इथल्या खगोल मंडळाचे जॉन वॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा काढला आणि त्याचं पेटंट घेतलं नाही, सगळ्यांना वापरू दिला. आज बाजारातल्या कितीतरी दुर्बिणींवर त्याचीच रूपं दिसतात. यात एकही दात नाही. ड्रॉट्यूब एका अंगाला चार बेअरिंगांवर टेकते, समोरच्या अंगाने एक दांडी तिला त्या बेअरिंगांवर दाबून धरते. दांडी फिरली की केवळ घर्षणाने ड्रॉट्यूब सरकते. दात नाहीत म्हणून सैलपणा नाही, आणि गोलाई चार ठिकाणी टेकलेली म्हणून डुगडुगणंही नाही. घसरण्याचं भय आहे, त्याचा बंदोबस्त खाली येतो.

बनवण्याआधी जमलं तर दोन-चार वेगवेगळे फोकसर हाताने फिरवून बघा. पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी ही हौशी खगोलप्रेमींची संस्था आहे. अशा मंडळींच्या आकाशदर्शनाला गेलात की विचारून बटण फिरवा. चांगला फोकसर बोटांना कसा लागतो हे वाचून कळत नाही.

सामान

ड्रॉट्यूबसाठी दीड इंच बाहेरच्या व्यासाची आणि १/८ इंच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची नळी शोधा. ३८.१ मधून दोन्ही बाजूंची जाडी, म्हणजे ६.३५ वजा केली की पोकळी बरोबर ३१.७५ मिमी उरते, आयपीसच्या मापाची. ती मिळणं हा या कामातला नशिबाचा भाग आहे. भंगारवाला, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारा, औद्योगिक वसाहतीतला एखादा लेथवाला, असं विचारत जा, आणि व्हर्नियर कॅलिपर सोबत न्या. दुकानदाराच्या "दीड इंची" वर विसंबू नका. कठड्याचा स्टेनलेस पाइप ३८ मिमीचा मिळतो, पण तो पातळ असतो, त्यावर कानस चालवायला जाडी नसते.

आयपीसचा दांडा ३१.७५ चाच असतो, म्हणून तेवढ्याच पोकळीत तो अडकतो. डायगोनल बरोबर घेऊन लेथवाल्याकडे जा आणि मागच्या तोंडाशी ३० मिमी खोलीपर्यंत पोकळी ३१.९ च्या आसपास करून घ्या. जोर न लावता डायगोनल बसला पाहिजे, पण खुळखुळता कामा नये. तिथेच १२० अंशांवर एम४ आट्यांची तीन भोकं पाडून घ्या, डायगोनल पकडणाऱ्या स्क्रूंसाठी. स्क्रूंची टोकं नायलॉनची असली तर डायगोनलला ओरखडे पडत नाहीत. मागच्या तोंडावर बाहेरून एक कडंही बसवून घ्या, म्हणजे ड्रॉट्यूब पूर्ण आत गेली तरी शेवटचे १५ मिमी सांगाड्याबाहेर राहतील आणि स्क्रूंना हात पोहोचेल.

चार बेअरिंगं ६२४ क्रमांकाची: आतला व्यास ४ मिमी, बाहेरचा १३, रुंदी ५. ६ मिमीची सरळ दांडी. मोडक्या प्रिंटरमध्ये गाडी ज्या दांडीवर पळते ती जवळपास याच जाडीची आणि अतिशय गुळगुळीत असते, दुरुस्तीवाल्याकडे विचारा. सांगाड्याला १२ मिमीचा आयएस ७१० मरीन प्लाय. साधा प्लाय आपल्या दमट हवेत फुगतो आणि बेअरिंगांची जागा हलते. थ्रीडी प्रिंटरवर सांगाडा काढणार असाल तर पीएलए जातीचं प्लास्टिक टाळा. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत दुर्बीण राहिली तर सांगाडा वाकडा होईल. पीईटीजी बरं.

सांगाडा

आतून ५० मिमी चौरस आणि ६५ मिमी उंच असा, दोन्ही तोंडं उघडी असलेला खोका करा. फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही लावा, आणि कोपरे गुण्यात आहेत ना ते गुण्याने तपासा. सगळ्या दुर्बिणीचा सरळपणा या खोक्यातून येतो, इथे घाई नको.

एका बाजूच्या दोन कोपऱ्यांत बेअरिंगं बसतात. प्रत्येक कोपऱ्यात ४ मिमीचा बोल्ट एका भिंतीतून शेजारच्या भिंतीत तिरका, ४५ अंशांत जातो आणि त्याच्या मधोमध बेअरिंग बसतं. बोल्टची रेघ खोक्याच्या मध्यापासून २५.५ मिमीवर हवी, म्हणजे ड्रॉट्यूबची त्रिज्या १९ अधिक बेअरिंगची त्रिज्या ६.५. कोपऱ्यापासून मोजलं तर ती तिरप्या दिशेने सुमारे १० मिमीवर येते. आत बोल्टची २० मिमी लांबी मोकळी राहते. त्यात बेअरिंगचे ५ मिमी, आणि दोन्ही बाजूंना ७-७ मिमीच्या नळकांड्या, बॉलपेनच्या नळीच्या तुकड्यांच्याही चालतील. ४५ अंशांचं भोक हाताने बरोबर पडत नाही. प्लायच्या तुकड्याचा त्रिकोणी साचा करून त्याच्या आधाराने ड्रिल धरा.

एक जोडी मागच्या तोंडापासून ५ मिमीवर आणि दुसरी ५० मिमीवर ठेवा. दोन जोड्यांमधलं हे ४५ मिमी अंतर शक्य तेवढं जास्त हवं, कारण ड्रॉट्यूबची ताठरता त्यावर आहे. आता ड्रॉट्यूबची १३० मिमी लांबी कुठून आली तेही कळेल. ६० मिमी बाहेर काढल्यावर आणि मागचे १५ मिमी वगळल्यावर ५५ मिमी सांगाड्यात उरते, म्हणजे पुढची जोडी तेव्हाही तिला धरून असते. चारपैकी एका बेअरिंगच्या बोल्टची भोकं किंचित लांबट करा. नळीची बैठक जुळवताना ते एक बेअरिंग सरकवता येतं.

ड्रॉट्यूबवर, बेअरिंगांच्या बरोबर समोर, १० मिमी रुंदीची सपाट पट्टी कानसून घ्या. १० मिमी रुंदीला ०.७ मिमीहून कमीच खोली लागते, नळीची जाडी ३ मिमीच्या वर असल्याने धोका नाही. ही पट्टी नळीच्या अक्षाला समांतर हवी. नळी कोनपट्टीच्या खाचेत ठेवून कडेने रेघ आखा, मग लांब कानस एकाच दिशेने चालवा, आणि शेवटी काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासा. पट्टीमुळे दांडीला टेकायला सपाट जागा मिळते आणि ड्रॉट्यूब गोल फिरत नाही.

दांडी समोरच्या भिंतीलगत, बाजूच्या दोन भिंतींतल्या लांबट भोकांतून जाते. समोरच्या भिंतीला खिडकी कापून त्यात नायलॉनचा किंवा टेफ्लॉनचा ठोकळा बसवा, ठोकळ्याला दांडीसाठी अर्धगोल खाच द्या. मागून एम५ चा स्क्रू ठोकळ्याला दाबतो, ठोकळा दांडीला, दांडी ड्रॉट्यूबला. स्क्रू आणि ठोकळ्याच्या मध्ये एक छोटी कडक स्प्रिंग असली तर दाब एकसारखा राहतो.

दाब किती? ड्रॉट्यूब, डायगोनल आणि आयपीस मिळून साधारण ४०० ग्रॅम. कोरड्या पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियममधलं घर्षण ०.२ धरलं तर माथ्यावर रोखलेल्या स्थितीत न घसरण्यासाठी दांडीचा दाब किमान २ किलो हवा. याची परीक्षा घरीच घ्या. फोकसर छतातल्या हुकाला किंवा दोन खुर्च्यांच्या मध्ये उभा टांगा आणि डायगोनलच्या जागी पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली लटकवा. रात्रभर ड्रॉट्यूब जागची हलली नाही आणि बटणाने ती बाटलीसकट वर चढली, तर काम झालं. नाही चढली तर आधी दांडी आणि पट्टी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. आपल्या हवेत हाताचा घाम आणि तेलकटपणा पट्टीवर बसतो आणि क्रेफर्ड घसरण्याचं ते पहिलं कारण असतं. पट्टीवर तेल किंवा ग्रीस कधीही नको. बेअरिंगांना हवं तर एक थेंब शिलाई मशीनचं तेल.

आता बटण. ६ मिमीची दांडी एका फेऱ्यात ड्रॉट्यूबला जवळजवळ १९ मिमी नेते. ४० मिमी व्यासाच्या बटणाची कड १ मिमी फिरवली तर ड्रॉट्यूब ०.१५ मिमी सरकते, ६० मिमीच्या बटणाने ०.१ मिमी. ०.१४ ची मुभा आठवा: एफ/११ ला ६० मिमीचं बटण पुरेसं नाजूक आहे. प्लायची ६० मिमीची चकती होल-सॉने कापा, कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवा. दोन्ही बाजूंना एकेक. एफ/६ वाल्यांना मात्र दहास-एक गती कमी करणारी तयार यंत्रणा लागेल.

मग पाइप

८० मिमीच्या भिंगाला ९० मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या आणि तो गोल आहे ना ते दुकानातच दोन दिशांनी मोजा, उन्हात पडलेले पाइप चपटतात. लांबीचा हिशेब असा: नाभीय अंतर ९००, त्यातून डायगोनलचे ८०, सांगाडा आणि बाहेर राहणारी ड्रॉट्यूब मिळून ८०, आणि आत सरकायला राखून ठेवलेले २० वजा केले की ७२० मिमी. हे अंतर भिंगापासून पाइपच्या मागच्या तोंडापर्यंतचं आहे, भिंगाच्या घराची लांबी त्यात धरा. प्रत्यक्षात ७४० ला कापा, फोकसर चिकटपट्टीने लावून चंद्रावर बघा आणि मग तासून खऱ्या मापाला आणा. जास्तीचा पाइप कापता येतो.

हे २० मिमी आत आणि ४० बाहेर अशी वाटणी मुद्दाम आहे. कॅमेरा लावायचा झाला तर डायगोनल निघतो आणि टी-रिंगच्या (कॅमेरा जोडणाऱ्या कड्याच्या) मागचे ५५ मिमी येतात. तेव्हा ड्रॉट्यूब २५ मिमी आणखी बाहेर काढली की झालं, तेवढी जागा आपल्याकडे आहे. डायगोनलशिवाय सरळ आयपीस लावायचं असेल तर मात्र ८० मिमी बाहेर जावं लागतं, त्याला जोडनळी वेगळी.

सांगाडा पाइपला जोडायला प्लायची चकती पाइपच्या आत घट्ट बसवा, मधे ड्रॉट्यूबला मोकळं जाता येईल असं ४२ मिमीचं भोक, आणि सांगाडा तिच्यावर तीन स्क्रूंनी. चकतीची आतली बाजू, ड्रॉट्यूबचा आतला भाग, सगळं बिनचमकीचं काळं हवं. फळ्याचा काळा रंग उत्तम. ड्रॉट्यूबची आतली चकाकी हे घरच्या दुर्बिणीत ग्रह फिकट दिसण्याचं मोठं कारण असतं आणि तिकडे फारसं कुणी लक्ष देत नाही.

सरळपणा तपासणं

ड्रॉट्यूब भिंगाच्या मध्याकडे बघत असली पाहिजे. भिंगावर पुठ्ठ्याचं झाकण बसवा, बरोबर मध्यावर १० मिमीचं भोक. ड्रॉट्यूबच्या मागच्या तोंडावर दुसरं झाकण, मध्यावर २ मिमीचं भोक. सूर्याच्या विरुद्ध दिशेच्या आकाशाकडे दुर्बीण करून मागच्या भोकातून बघा. पुढचा उजळ ठिपका ड्रॉट्यूबच्या पुढच्या कडेच्या वर्तुळात मधोमध दिसायला हवा. नसेल तर सांगाड्याच्या तीन स्क्रूंपैकी योग्य त्या स्क्रूखाली कागदाची घडी घाला. मग ड्रॉट्यूब पूर्ण आतून पूर्ण बाहेर न्या. ठिपका मध्यावरून ढळत गेला तर दोष बेअरिंगांच्या बैठकीत आहे, लांबट भोकातलं बेअरिंग सरकवून तो काढा.

पहिली रात्र

९ मिमीचं आयपीस, म्हणजे १०० पट वर्धन. माथ्याजवळचा एखादा तेजस्वी तारा घ्या. फोकसच्या किंचित आत आणि किंचित बाहेर त्याची गोल वर्तुळं दिसतील, ती दोन्हीकडे गोल आणि एकमध्य हवीत. एका अंगाला दाबलेली दिसली तर सरळपणा पुन्हा तपासा. मग बटण दोन्हीकडे हलवत तारा जागचा उडतो का बघा. मी कसोटी अशी लावतो: गुरूच्या बिंबाच्या रुंदीपेक्षा जास्त उडी नको. ते बिंब नाभीपाशी जेमतेम ०.२ मिमीचं असतं, म्हणजे कसोटी सोपी नाही, पण चांगला क्रेफर्ड ती सहज पार करतो. पुनर्वसूतला कॅस्टर पाच कोनीय सेकंदांहून थोड्या अधिक अंतरावरचा जोडतारा आहे. तो दोन स्वच्छ ठिपक्यांत फुटला की फोकसर आणि भिंग दोघांनाही पावती मिळाली.

अक्रोमॅट भिंगात तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळी झाक राहते. बटण फिरवून तिचा पाठलाग करू नका. या भिंगात निळ्या-तांबड्या प्रकाशाची नाभी पिवळ्या-हिरव्याहून साधारण ०.४५ मिमी मागे असते, म्हणजे मुभेच्या तिप्पट. पिवळा-हिरवा गाभा धारदार करा आणि थांबा. दर अर्ध्या तासाने फोकस थोडा हलल्यासारखा वाटेल तोही यंत्रणेचा दोष नव्हे. पीव्हीसी थंडीने आकसतो: ७२० मिमीचा पाइप पाच अंश निवला की पाव मिमीने आखूड होतो.

खारी हवा

किनाऱ्यालगत राहत असाल तर बेअरिंगं स्टेनलेसची किंवा निदान रबरी झाकणाची घ्या. साध्या पोलादाची उघडी बेअरिंगं एका पावसाळ्यात तांबूस होतात आणि बटण खरखरतं. स्टेनलेस स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यात घालताना ग्रीसचं बोट लावा, नाहीतर खारट दमट हवेत दोन धातू एकमेकांना पकडतात आणि वर्षाने स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं. दांडीला पावसाळ्यापुरतं तेलाचं फडकं लावायला हरकत नाही, फक्त आकाश उघडल्यावर अल्कोहोलने पुसायचं विसरू नका.

आयपीस आणि डायगोनल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, कापडी किंवा चामडी पिशवीत नको. काचेला बुरशी तिथूनच लागते. सिलिकाचे रंगीत दाणे रंग बदलतात तेव्हा ते तव्यावर मंद आचेवर परत कोरडे करता येतात. फोकसरच्या मागच्या तोंडाला एक झाकण कायम असू द्या. आपल्याकडे कुंभारीण माशीला ३२ मिमीचं भोक फार आवडतं.